बँकेचा प्रवेश

– त्या खुर्चीवर नको बसूस, तिचा मागचा पाय हलतो. इथे कोचावर ये, ते कपडे सार बाजूला. तालमीची खोली अशीच असायची – तुझा बाबा इथे यायचा तेव्हा निदान केर तरी निघायचा. चहा? बरं, राहिलं. डॉक्टर काय विचारतात म्हणालीस, त्याचं विसरणं पहिल्यांदा कधी लक्षात आलं? फोनवर सांगितलं की तुला – गेल्या वर्षी, सिनेमाच्या वेळी. तेच लिहून दे.

नाही, थांब. एवढ्या लांबून आली आहेस तर ऐक.

आमचं काम तुला माहीत आहे, लहानपणी पहिल्या रांगेत झोपून जायचीस तू. संहिता नाही, पाठांतर नाही – प्रेक्षकांतून कुणीतरी एक शब्द टाकणार आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या प्रवेश रचायचा. तो म्हणाला तू माझी आजी, की मी कमरेत वाकायची. बावीस वर्षं वाकतेय, आता कंबर सरळच होत नाही. तर त्या रविवारी, दुपारचा प्रयोग, शब्द आला 'बँक'. मी कॅशियर झाले. तो खिडकीशी आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, आपण कोण?" लोक हसले. मी म्हटलं, "कॅशियर." तर म्हणतो, "ते कळलं हो, पण मी इथे कशाला आलोय?" लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मग तो जवळ आला, माझा हात धरला – गार पडला होता त्याचा हात – आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मला घरी जायचंय." बावीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहिलेय मी. तो कधी खरं बोलतो आणि कधी खोटं, मला कळणार नाही होय?

गेल्या वर्षी नाही गं. त्याच्या आधीच्या वर्षी. सिनेमाच्या दहा महिने आधी.

सांगणार होते. विंगेत तो घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, बँकेचा प्रवेश झकास झाला. मग मला वाटलं, थकवा असेल – वाटून घेतलं म्हण. कारण पुढच्या आठवड्यापासून लोक उभे राहून बघायला लागले. जन्मभर साठातल्या वीस खुर्च्या भरल्या की धन्य व्हायचो आम्ही. तो हरवायचा, मी सावरायचे, लोक पोट धरून हसायचे – इतकं चांगलं काम आम्ही कधी केलंच नव्हतं. मग सिनेमाची कल्पना, तीही माझीच. संवाद लिहायचे नाहीत, तो बोलेल ते घ्यायचं. उसना कॅमेरा, माझी भाची धरायची, ह्याच खोलीत बारा दिवस. नवव्या दिवशी तो तुझ्या आईला हाका मारायला लागला – ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झालेली – आणि मी तिच्यासारखी "ओ" दिली. आले, आले, म्हटलं. त्याचा चेहरा असा उजळला. कॅमेरा चालू होता. भाचीने विचारलं, मावशी, बंद करू का – मी मानेने नको म्हटलं. त्याच प्रवेशाला महोत्सवात लोक रडले. तूही माझ्या गळ्यात पडलीस, म्हणालीस, बाबांनी काय अभिनय केलाय. मी म्हटलं, हो ना.

अशी बघू नकोस. त्याला लवकर आणलं असतं तर गोळ्यांनी वर्षभर दुखणं थोपलं असतं, असंच म्हणतात ना डॉक्टर? वर्षभर तुला ओळखलं असतं त्याने. मी काय ते मोजलं नसेल? रोज मोजते. पण तो हसत होता गं विंगेत परत येताना, दर वेळी – तेवढंच माझ्याकडे आहे बोलायला, आणि तेवढ्याने भागत नाही, कळतं मला.

शनिवारी मला काम नसतं. तुझ्याकडे त्याला बघायला मी येऊन गेले तर चालेल का? आत नाही आले तरी – व्हरांड्यातून बघून जाईन.

बरं. समजलं.

चार वाजता शिकणारे लोक यायचे आहेत, मला खोली झाडायचीय. जिन्यातला दिवा गेलाय, कठड्याला धरून उतर. जा बाई.