हत्तीच्या दाताची एनओसी

तुम्ही हसाल, पण आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत मी एका हत्तीला शाकाहारी ठरवून आलेय.

झालं असं, मी काम करते त्या जीवाश्मांच्या लॅबमध्ये पेस्ट कंट्रोल होतं म्हणून मी एक दात घरी आणला. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या हत्तीचा, पार दगड झालेला, पावाच्या लादीएवढा. वॉचमनने पिशवीत काय आहे विचारलं आणि मी खरं सांगितलं. तिथेच वाट लागली.

दहाव्या मिनिटाला सेक्रेटरी सबनीस काका दारात.

"आपली बिल्डिंग शुद्ध शाकाहारी आहे. ते हाड आत्ताच्या आत्ता बाहेर काढ."

"काका, दात आहे तो. आणि हत्ती शाकाहारीच होता."

"कशावरून? तू गेली होतीस बघायला?"

मग मी रिपोर्टच काढला. "जे खातो त्याची खूण दातात उतरते, काका. चिमूटभर पूड तपासली की कळतं, जनावर गवत खायचं की झाडपाला. हा पक्का गवतखाऊ."

काकांनी चष्मा लावून रिपोर्ट वाचला, फाइलसाठी झेरॉक्स मागितली आणि 'दातास हरकत नाही' असं लिहून सहीसुद्धा केली. जाता जाता मात्र थबकले.

"माणसाच्या दातावरूनही कळतं हे?"

"हो ना."

"म्हणजे अगदी लहानपणी, मे महिन्यात मामाकडे मालवणला वगैरे..."

"दातात लहानपणच तर पक्कं बसलेलं असतं, काका."

त्या दिवसापासून सबनीस काका लिफ्टमध्ये माझ्याशी तोंडावर रुमाल धरून बोलतात.