नदीला लावलेलं कुंकू

पुतळाबाई : ...चार दिवस, फक्त चार दिवस जांभूळ गावाला बहिणीच्या नातीच्या लग्नाला गेले, तेवढ्यात तुझ्या लेकाने माझी भिंत खाल्ली! विचारलं का मला? घर कोणाच्या नावावर हाय, कुंदा?

कुंदा : तुमच्याच, आत्याबाई. आधी चपला तरी काढा. पिशवी द्या इकडे.

पुतळाबाई : नाय काढत. अंगणातूनच बघू दे नीट. खाली सिमेंट, त्याच्यावर आकाशी रंग, आणि त्या आकाशीवर काय काढलंय ते?

कुंदा : छत्री. निवडणुकीचं चिन्ह मिळालंय ना त्याला. प्रभागातल्या तेवीस भिंतींवर काढली.

पुतळाबाई : बाविसांवर काढ म्हणावं. जिथवर पूर चढतो त्या भिंतीवर छत्री! नदी घरात आली की छत्री उघडून बसणार हाय का माझा नातू?

कुंदा : मी अंगणवाडीत खिचडी शिजवत होते. घरी आले तर गवंडी हात धूत होता आणि तुमचा नातू म्हणतो, ‘मम्मी, आजीला सरप्राइज.’

पुतळाबाई : आणि तू बघत राहिलीस.

कुंदा : बघत कशी राहीन? उरकलं होतं सगळं. उद्या दहाला पाटबंधाऱ्याचे साहेब येणार पुराच्या खुणा मोजायला. तीन महिने आम्ही एकवीस बायका त्यांच्या कचेरीत जाऊन बसलो. शेवटी म्हणाले, ‘बाई, पुराचं पाणी कुठवर येतं ते जागेवर दाखवा, मग नदीकाठच्या मळईवरचा भराव थांबवतो.’ अर्जावर पहिली सही तुमची. आता साहेबांना दाखवू काय? छत्री?

पुतळाबाई : खरवडून काढ ते सिमेंट. आत असतील खुणा.

कुंदा : नाहीत. जुनं प्लास्टर दगडापर्यंत तासलं आधी. मी परातीत गोळा केलाय सगळा चुरा. त्यात कुठे कुठे लाल दिसतं, बस्.

पुतळाबाई : ...म्हणून आली होती ती.

कुंदा : कोण?

पुतळाबाई : परवा दुपारी जेवणं झाली, मांडवात जरा डोळा लागला माझा. तिकडे सनई चालू, इकडे पोरं नाचतायत, आणि मला दिसली नदी. हिरवं लुगडं, पदरात बारीक मासे, पायापासून केसापर्यंत ओली. दारात उभी. म्हटलं, ये की आत. तर म्हणते, ‘पुतळे, बसू कुठे?’ आणि कपाळ रिकामं तिचं. मी करंडा शोधते, शोधते, करंडा काय मिळेना. जागी झाले तर तोंडात पान तसंच.

कुंदा : बसू कुठे म्हणजे?

पुतळाबाई : मळई म्हणजे तिची बसायची जागा. माझी सासू सांगायची, नदी चढली की आधी मळईवर टेकते, दम खाते, तिथूनच माघारी जाते. लईच थकली तर आपल्या घरी येते. आलेल्या सवाशिणीला कोण तशीच पाठवतं का? म्हणून पाणी ओसरलं की जिथवर ती आली तिथं हळदकुंकवाची पाच बोटं लावायची आणि म्हणायचं, बाई, सुखाने जा.

कुंदा : आणि मामंजी त्या बोटांवर छिन्नी मारायचे, कुंकू उडालं तरी खूण राहावी म्हणून.

पुतळाबाई : त्यांना मेल्यांना सगळं पक्कं लागायचं... गाडी वाजली बघ. आला तुझा नगरसेवक.

उन्मेष : आजी! आलीस? कशी वाटली भिंत? वॉटरप्रूफ आहे, दहा वर्षं हात लावायला नको.

पुतळाबाई : ये बाबा, ये. ही छत्री काय आता मिटत नाय वाटतं?

उन्मेष : मिटवायची कशाला? आपला वट आहे आता. सगळी आळी बोलते, पुतळाबाईचा नातू उभा आहे.

पुतळाबाई : उभा हाय ना? मग उभ्यानेच सांग. खुणा कोणाच्या सांगण्यावरून तासल्यास?

उन्मेष : कोणाच्या म्हणजे... जुनाट झाली होती भिंत. ओल मारत होती.

कुंदा : गवंडी कोणाचा होता, उन्या?

उन्मेष : मम्मी, तू मध्ये नको ना पडू.

कुंदा : गवंडी त्या भराववाल्या शेठचा होता. शेठचा मुकादम प्रेमभाई घेऊन आला होता त्याला. खालच्या झोपडीतल्या भिकीने बघितलं, टेम्पोवर त्याच्याच साइटचं नाव होतं.

पुतळाबाई : हां. म्हणजे छत्री शेठची, आणि माझा नातू नुसता दांडा.

उन्मेष : आजी, तुझी जीभ म्हणजे ना... ऐकशील का एकदा? ही खूण साहेबांनी मोजली तर काय होईल माहीत आहे? आपलं घर पण पूररेषेत जाईल. मग इथे कोणी बांधणार नाही, आपल्याला कोणी काय देणार नाही. जन्मभर हेच कौलारू घर आणि हाच चिखल. शेठ चिखलोलीला फ्लॅट देतोय. नवीन स्टेशन होतंय तिथे. दुसरा मजला, लिफ्ट. तुझ्या नावावर, माझ्या नाही!

पुतळाबाई : माझे गुडघे विकलेस म्हण की.

उन्मेष : विकले नाय गं! एकवीस साली तू चार तास पडवीच्या पत्र्यावर बसली होतीस, आठवतं? पाऊस थांबत नव्हता. मी खाली बेंबीएवढ्या पाण्यात शिडी धरून. तू वरून ओरडत होतीस, कोंबड्या मोजा, कोंबड्या मोजा. मी तेव्हाच ठरवलं, काय पण करीन, पण हिला पुन्हा पत्र्यावर चढू देणार नाही. शप्पथ, आजी. तुझ्यासाठी केलं.

कुंदा : रडतोस काय आता...

पुतळाबाई : रडू दे त्याला. खरं बोलतोय तेवढं.

उन्मेष : मग?

पुतळाबाई : मग काय? मी चढले लिफ्टने वर. खिडकीत बसले चहा घेऊन. इकडे मळईवर दोन माणूस उंच माती. नदी आली, बसायला जागा बघते, जागा नाय. मग ती जाईल कुठे? भिकीच्या झोपडीत. वांगणीच्या डोंगरातून आली ती बाई, चार पोरं तिची. आपल्या भिंतीवरची खालची बोटं भिजली की ती पोरं दप्तरं उचलून शाळेच्या गच्चीवर पळतात. घड्याळ बघत नाय ती, भिंत बघतात. आता काय बघतील?

उन्मेष : अलर्ट येतो ना मोबाइलवर.

कुंदा : एकवीसला कधी आला होता, सांग. दुसऱ्या दिवशी, माती उपसताना. आणि भिकीकडे मोबाइल कुठला?

पुतळाबाई : माझ्या सासूच्या आख्ख्या जन्मात ही बाई घरात एकदाच आली, गुडघ्याएवढी. माझ्या डोळ्यांदेखत तीनदा आली. दोन हजार पाचला, एकोणीसला, एकवीसला. पूर्वी पाऊस चार महिने पुरवून पुरवून पडायचा. आता एका दुपारी पिंप उपडं केल्यागत ओततो.

उन्मेष : क्लायमेट चेंज आहे ते. माझ्या पत्रकात पहिलाच मुद्दा आहे, बघ, हिरव्या अक्षरात. दोनशे झाडं पण लावली आपण.

पुतळाबाई : फोटो काढेपर्यंत. नंतर पाणी कोणी घातलं? शेजारच्या भारतीच्या शेळ्यांनी खाल्ली. आणि ती काय चेंज, ती पत्रकात हाय ना? मग माझ्या भिंतीवर होती ती का डोळ्यात खुपली?

उन्मेष : ते वेगळं गं...

पुतळाबाई : मोठ्याने बोल की. माईक लागतो का?

उन्मेष : आता काय करू पण? गेली खूण. फोटो आहे मम्मीकडे, तो दाखवा.

कुंदा : फोटोत पाच टिंबं दिसतात. जमिनीपासून किती वर ते दिसत नाही. साहेब टेप घेऊन येणार आहेत, अल्बम बघायला नाही.

पुतळाबाई : मी उभी राहते भिंतीला. पाचच्या पुरात माझ्या डोक्यावरून चार बोटं गेलं होतं पाणी. मी धान्याच्या पेटीवर उभी होते म्हणून वाचले. माझ्या डोक्यापासून मोजा.

कुंदा : आत्याबाई, तेव्हा तुम्ही ताठ होता. आता पदर सावरायला पण भिंत धरता.

पुतळाबाई : हां. मी वाकले. नदी कुठे वाकलीय?

कुंदा : मामंजी असते तर... त्यांच्या मिशीला लागलं होतं पाणी. तुम्हीच सांगता ना.

पुतळाबाई : मिशीला. बरोब्बर मिशीला. वीज गेलेली, भर दुपारी काळोख, आणि पाणी असं गप्प, जसं घरातलंच कोणी. भांडी तरंगत फिरत होती, हळूहळू, एकमेकांना धक्का न लावता. देव्हाऱ्यातला दिवा पाटासकट निघाला दारातून, न विझता. मी बघतच राहिले, भ्यायचं विसरले. हा चार वर्षांचा, आजोबाच्या खांद्यावर. वरून म्हणतो कसा, ‘आजोबा, नदी तुमची मिशी पिते.’ आणि तसल्यात ते हसले, तर नाकात पाणी गेलं त्यांच्या.

उन्मेष : मला आठवतं ते. थोडं थोडं. त्यांच्या मानेचा वास आठवतो, तंबाखूचा.

पुतळाबाई : त्यांचा लग्नातला सदरा कोणाला बसतो, कुंदा?

कुंदा : ...याला. उंची तीच, बाहीसुद्धा दुमडावी लागली नाही.

पुतळाबाई : मग हो उभा. तिथं, छत्रीच्या दांड्याला पाठ लावून. चपला काढ. टाचा भिंतीला. कुंदा, करंडा आण.

(उन्मेष भिंतीला टेकून उभा राहतो. पुतळाबाई त्याच्या खांद्याचा आधार घेत पाटावर चढते.)

कुंदा : आत्याबाई, द्या, मी लावते. तुम्ही... लोक काय म्हणतील.

पुतळाबाई : मी रांडमुंड म्हणून? एकोणीसला पण मीच लावलं होतं, हे जाऊन वर्ष झालं नव्हतं. नदी माझं कपाळ बघत नाय, मी तिचं बघते. हलू नको रे. हनुवटी खाली.

उन्मेष : गुदगुल्या होतात. रंग खराब होईल, आजी, ओला आहे अजून.

पुतळाबाई : ओल्यावरच पक्कं बसतं. एक... दोन... तीन... चार... पाच. सरक आता. बघ.

कुंदा : तिथेच. अगदी तिथेच होतं.

उन्मेष : साहेब मानतील हे?

पुतळाबाई : माझं मानणार नाय. बायका सगळं वाढवूनच सांगतात म्हणतील. तुझं मानतील. तुला त्यात तोटा हाय ना, म्हणून मानतील. उद्या दहाला इथंच उभं राहायचं, चपला काढून. खुणा कोणी तासल्या, कोणासाठी तासल्या, तुझ्या तोंडाने सांगायचं. आळी ऐकत असताना.

उन्मेष : शेठ मागे लागेल माझ्या. पडीन मी निवडणुकीत.

पुतळाबाई : पड की. भिंतीला धरून ऊठ. मी नाय रोज उठत?

उन्मेष : आणि फ्लॅट? तुझे गुडघे?

पुतळाबाई : गुडघे माझे. पत्र्यावर चढीन. शिडी धरायला तू हायस ना खाली?

उन्मेष : ...आहे.

कुंदा : भिकीची पोरं आली बघा कुंपणापाशी. रंग बघतायत.

पुतळाबाई : बघू दे. खालची तिन्ही पण लावू आता, सासूची, एकोणीसची आणि एकवीसची. बेंबीएवढं म्हणालास ना? कुंदा, सासूची आणि एकवीसची तू लाव, मला वाकायला नको सांगू.

उन्मेष : आजी, एक विचारू? तुझं मत... मला आहे ना?

पुतळाबाई : मताचं मी मशीनला सांगीन. तुला एवढंच सांगते, बाळा, इकडे बघ. तू लबाड नायस. उथळ हायस. उन्हाळ्यात नदी पण असते.