शिडी कोणाच्या हातात होती

नाव वर लिहिले आहे तेच. कामावर त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही, सगळे टेकू म्हणतात. वय सेहेचाळीस. गोदामांतले दिवे बदलणाऱ्या कंपनीत मदतनीस. मदतनीस म्हणजे नेमके काय करता, असे हवालदारसाहेबांनी विचारले. शिडी धरतो. अकरा वर्षे तेच करतो. राहणार कामगारांच्या खोल्या, मागची रांग, खोली नंबर सात.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, शुद्धीवर राहून, विचारले त्याचे उत्तर देतो ते असे.

शिडीवरून पडलेले गृहस्थ माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. आमची जोडी ठरलेली आहे, ते वर आणि मी खाली. वर गेलेला माणूस खाली बघत नाही, बघितले तर तोल जातो. म्हणून प्रत्येक दिव्याला ते वरून विचारतात, "आहे ना?" मी खालून म्हणतो, "आहे." ते ऐकल्याशिवाय ते दोन्ही हात दिव्याकडे नेत नाहीत, एक हात शिडीलाच असतो. ही पद्धत त्यांनीच घातली. अकरा वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

शिडी अठरा फुटी, ॲल्युमिनियमची. तिच्या उजव्या पायाचे रबर झिजून गळून पडले होते. मी तीन वेळा रबर मागितले. चौथ्या महिन्यात कंपनीकडून स्टिकर आले. त्यावर शिडी धरलेल्या हाताचे चित्र आणि खाली इंग्रजीत 'होल्ड' असा शब्द. मुकादमाने ते रबर नसलेल्या पायावरच चिकटवले. आता तपासणीला येणाऱ्या लोकांनी विचारले की कामगारांना स्टिकरचा अर्थ कळतो का, तर काय सांगायचे, म्हणून सेफ्टी साहेबांनी वर्ग घ्यायचे ठरवले. हवालदारसाहेब म्हणतात हे लिहायची गरज नाही. मी म्हणतो, लिहा.

काल मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास भाऊजी सातव्या ओळीतला तिसरा दिवा बदलत होते. मी शिडी धरून होतो. मुकादम आला आणि म्हणाला, वर्गाला नऊ जण झालेत, कागदावर दहा लिहिलेत, फोटो काढायचा आहे, चल. मी म्हणालो, माणूस वर आहे. तो म्हणाला, "मी धरतो की. शिडी धरायला काय डोकं लागतं?" त्याच्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हाताची चार बोटे त्याने शिडीला लावली. मी भाऊजींना वर काही सांगितले नाही. जातो म्हणालो असतो तर ते उतरले असते, आणि मुकादमाने दिवसभर तोंड सोडले असते.

वर्ग शेजारच्या जेवायच्या खोलीत होता. मध्ये पत्र्याची भिंत आहे. पलीकडे कोणी शिंकले तरी अलीकडे ऐकू येते. साहेबांनी फळ्यावर तो इंग्रजी शब्द लिहिला होता आणि त्याच्याखाली त्याच अर्थाचे आणखी सहा. ग्रिप, ग्रास्प, क्लच, आणि पुढचे मला सांगता येणार नाहीत. साहेब म्हणाले, प्रत्येकाची छटा निराळी आहे. मूल उचलून धरतात ते निराळे, दोर आवळून धरतात ते निराळे. श्वास धरतात, फोनवर माणसाला ताटकळत धरून ठेवतात, पद धरून बसतात. हे शेवटचे मला लगेच पटले. साहेबांनी स्वतः धरलेले एवढे एकच मी पाहिले आहे.

शिडी कशी धरायची ते मात्र त्यांनी सांगितले नाही, कारण ते त्यांना ठाऊक नाही. ते मी सांगतो. एक पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवायचा. दोन्ही तळवे दोन्ही दांड्यांवर, पण आवळायचे नाहीत. आवळले की हात बधिर होतो. सैल ठेवले की वरच्या माणसाने उजवा खांदा उचलला तरी खाली तळव्याला कळते. भाऊजींना खोकला येणार असला की मला आधी समजायचे. याला कुठल्या भाषेत काय म्हणतात मला माहीत नाही. साहेब म्हणजे उंटावरचा शहाणा. त्यांनी आजवर शिडीला बोट लावलेले नाही.

आता पुढचे नीट लिहून घ्या. मला भिंतीलगतची खुर्ची दिली. वर पंखा होता, हातात चहा दिला. कामाच्या वेळेत अकरा वर्षांत मी पहिल्यांदा बसलो. पाय मोकळे झाले, बरे वाटले. दोनेक मिनिटांत मुकादम दारातून आत आला आणि फोटोत येईल असा पुढे जाऊन उभा राहिला. मी त्याला बघितले. त्याने मला बघितले. तो इथे आहे म्हणजे शिडीपाशी कोणी नाही, हे कळायला इंग्रजी यावे लागत नाही. मी उठायला हवे होते. चहा अर्धा राहिला होता. फोटो झाला की जाऊ, असे मनात म्हणालो.

तेवढ्यात पत्र्यापलीकडून भाऊजींची हाक आली, "आहे ना?"

मी खुर्चीवरूनच म्हणालो, "आहे."

सवयीने म्हणालो असे मुकादम सगळ्यांना सांगतो आहे. सवय अर्धीच होती. नाही म्हणालो असतो तर सगळ्यांसमोर उठून पळावे लागले असते. साहेब माझ्यावर डाफरले की मध्ये बोलू नका, आणि फोटो काढला. त्यानंतर आवाज आला. आधी शिडीचा, मग त्यांचा.

मी पोहोचलो तेव्हा भाऊजी पाठीवर पडले होते. डोळे उघडे होते. दोन्ही हात छातीपाशी, त्यात दिवा होता. तो फुटला नव्हता. मी हाक मारली तर ओ दिली नाही. अजूनही देत नाहीत. कमरेखाली पाय हलत नाहीत. पुढचे दोन दिवसांनी सांगू, असे डॉक्टर म्हणाले.

दुपारी साहेब दवाखान्यात आले ते टाइप केलेला कागद घेऊन. त्यात लिहिले होते की कर्मचारी कोणालाही न सांगता, सोबत कोणी नसताना शिडीवर चढला. साहेब म्हणाले, यावर सही केली की तू सुटलास, नोकरीही राहील. मी म्हणालो, मग त्यांच्या उपचाराचे काय? ते म्हणाले, नियम मोडणाऱ्याची जबाबदारी कंपनी घेत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. एवढ्या घाईत त्या सकाळच्या फोटोची प्रतही त्यांनी कागदाला टाचली होती, वर्ग झाल्याचा पुरावा म्हणून. त्या फोटोत मी आहे. मुकादम आहे. वर वेळ छापलेली आहे, दहा एकोणचाळीस. असल्या अकलेच्या लोकांच्या हाताखाली आम्ही जीव टांगतो. तो कागद सही न करता इथे जमा केला आहे.

माझ्या बहिणीने मला दवाखान्यात एकच विचारले, "तू होतास ना रे खाली?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग कोणाला काय बोलायचे, आणि माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडली. साहेबांचा कागद खोटा आहे. तसाच माझा तो 'हो'ही खोटा आहे, आणि त्याआधीचा 'आहे' सगळ्यात खोटा.

वरील सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी मुकादमावर भरवसा ठेवून गेलो, असे एके ठिकाणी आले होते. हवालदारसाहेबांनी माझ्या भल्यासाठीच लिहिले असेल. पण भरवसा नव्हता. ते खोडायला लावले, खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सांगितले तसेच उतरले आहे. माझी बहीण बाहेर बाकावर बसली आहे. तिलाही हे वाचून दाखवावे. माझ्याच्याने सांगवणार नाही.