काकांचं तिसरं बटण

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात आपल्या बँकेच्या शाखेच्या व्यवस्थापक मॅडम, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले सर्व कर्मचारी आणि खातेदार बंधू-भगिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती, दारावरचे आपले काका व त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, सर्वांना नमस्कार.

मी बँकेसमोरचा शिंपी. शिक्षण सातवीपर्यंत. हे भाषण तीनदा लिहून काढलं आहे, तरी हातातला कागद हलताना दिसला, तर तो पंख्यामुळे हलतोय असं समजावं.

आज निवृत्त होणारे काका तीस वर्षं बँकेच्या दारात रखवालदार म्हणून उभे राहिले. कशासाठी? चोर आत येऊ नये म्हणून, असं आपण म्हणू. पण हल्ली चोर दारातून येतो कुठे? तो आपल्याच खिशात बसून आत येतो. माझ्या खिशातून आला होता.

मागच्या वर्षी सकाळी फोन आला. भारदस्त आवाज. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. आत बेकायदा औषधं आहेत."

मी म्हटलं, "साहेब, मी फक्त अस्तराचं कापड मागवतो."

"सगळे असंच म्हणतात!"

मग हुकूम सुटले. खात्यातले सगळे पैसे तपासणीसाठी एका 'सुरक्षित खात्यात' पाठवायचे, तासाभरात परत मिळतील. फोन बंद करायचा नाही. कुणाजवळ बोललात, तर आईलाही ताब्यात घेऊ.

दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मी पडलो पद्धतशीर माणूस. मापांची वही उघडली आणि एका ब्लाऊजच्या मापाखाली साहेबांच्या सूचना एक ते सात क्रमांक घालून लिहून घेतल्या. वर विचारलं, "पाचवी पुन्हा सांगता का?" त्यांनी सांगितली! इतकं आज्ञाधारक गिऱ्हाईक त्यांनाही कधी मिळालं नसेल.

बँकेत आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेव होती. ती मोडायला निघालो. चालू फोन खिशात, वही काखेत.

दारात काका. रोज माझा नमस्कार ठरलेला, त्या दिवशी मी मान खाली घालून सटकायला लागलो.

"काय रे, आज नमस्कार नाही?"

"घाई आहे, काका."

काकांनी खिशातल्या उजळलेल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "गणवेशाचं हे तिसरं बटण निघालंय बघ. लावून दे."

"नंतर लावतो."

"शिवलंस तू, आणि नंतर लावतोस? बस इथे."

कामात खोट काढल्यावर मी काय बोलणार? सुई-दोरा कॉलरला असतोच. वाकलो तर फोन टोचायला लागला, म्हणून काढून बाकावर ठेवला. त्यातून आवाज, "कुठे पोचलात? कोण आहे तिथे?"

काका फोनकडे वाकून म्हणाले, "साहेब, बटण लावणं चालू आहे. जरा दम धरा."

"तुम्ही कोण?"

"मी बँकेच्या दारावरचा. तुम्ही कुठल्या दारावरचे?"

"दोघांनाही आत टाकीन!"

"आम्ही आतच आहोत. तुम्हीच या. मॅडम बसल्यात, चहा सांगतो."

फोन कट.

चार टाके पडेपर्यंत माझी घाई थांबली, आणि घाई थांबल्यावर डोकं चालू झालं. काकांनी वही वाचायला लावली. सहावी सूचना होती, 'बँकेत विचारलं तर घर दुरुस्तीसाठी पैसे हवेत असं सांगणे.' काका म्हणाले, "चौकशी करणारा साहेब खोटं बोलायला शिकवतो होय रे?" तेव्हा मात्र मला रडू आवरेना. मॅडमनी स्वतः बसून माझी तक्रार नोंदवून दिली, त्यांचेही आभार.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय: भीती घालणारा फोन आला की आधी तो ठेवायचा. मग पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगायचं. ओटीपी तर सख्ख्या मेहुण्यालाही द्यायचा नाही. मेहुणे इथे आहेत, त्यांनी राग मानू नये.

एक गोष्ट राहिली. मी बटण चौपदरी दोऱ्याने लावतो. ते आपोआप निघत नाही. त्या दिवशी दोऱ्याची टोकं ताजी तुटलेली होती आणि कापडालाही ओढ बसली होती. काकांना विचारलं, तर म्हणाले, "जुनं झालं असेल." काका, आज तरी कबूल करा! बघा, हसताहेत.

माझी आई दुसऱ्या रांगेत बसली आहे. या हॉलचा जिना ती काठीशिवाय चढून आली.

काका, तुमच्यासाठी हा शर्ट शिवलाय. गणवेश सुटला, तरी फोन कानाला लावून घाबराघुबरा धावणारा कुणीतरी तुम्हाला दिसणारच. त्याला सुई धरता येत नसेल, तर माझ्या दुकानात घेऊन या. बटण लावून होईपर्यंत मी त्याला बसवून ठेवीन.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर पदरात घ्या. शर्टाचं तिसरं बटण मात्र सैल आहे. ते मी मुद्दाम तसं ठेवलंय.