रंजकदाणीचं झाकण

बाळाला लस द्यायला दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी एक आजी-आजोबा.

"अहो, रंजकदाणी कुणी दवाखान्यात आणतं का?"

"झाकण तपासायचं राहिलंय. चकमकीच्या बंदुकीला चिमूटभर बारीक दारू पाजायची डबी ही. गळली तर गिऱ्हाइकाच्या मिशा जातील."

"मला शिकवताय? या डब्या करायला जन्मभर घरात शिंगं घासलीत तुम्ही. त्या वासाने पाहुणे यायचे बंद झाले."

"तेवढाच फायदा."

"आत काय भरलंय?"

"तुझी तोंडाला लावायची पावडर."

"तरीच माझा डबा रिकामा!"

"घरात तेवढं बारीक दुसरं काय होतं? हात थरथरतात गं आता. हे झाकण गळलं तर दुकान बंद. डॉक्टरांनी सांगायचीही वाट बघणार नाही."

"आणि दिवसभर घरी बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार? मुळीच नाही."

एवढ्यात बाळ उठलं आणि त्याने भोकाड पसरलं.

"पोरी, ही डबी देऊ का गं त्याला? अहो, द्या. याच्याइतका कडक परीक्षक मिळायचा नाही."

बाळाने डबी चोखली, आपटली, उलटी करून माझ्या काळ्या ओढणीवर दणादणा हलवली. दोघंही ओढणीवर वाकले.

"काही पांढरं सांडलं का, पोरी?"

"नाही, आजोबा. नुसती लाळ."

आतून आजोबांना हाक आली.

"डॉक्टरांना काय सांगू गं?"

"हात थरथरतात ते सांगा. कामाचं विचारलं तर ही त्यांच्या हातात द्या आणि म्हणावं, हलवा."

"आणि दुकान?"

"उद्या उघडा. येताना माझी पावडर आणा."