बबनला गेलेला निरोप

१९९८ सालचा वैशाख. चार नातवंडांना घेऊन जीपनं तुळजापूर, तिथून गाणगापूर, असा पाच दिवसांचा बेत मी ठरवला. खिडकीशी कोण बसणार, यावर पोरांची भांडणंही सुरू झाली. पण त्याच दिवसांत कालव्याला पाणी सुटणार होतं आणि माझा टोमॅटो फुलात होता.

सून म्हणाली, "शेजारच्या बबनभाऊंना सांगा की. ते भरतील पाणी."

बांधावरच्या बाभळीवरून बबनशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मी म्हणालो, "त्याच्यापरीस माझी म्हैस बरी."

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो, तर धाकटी नात बांधावर उभी राहून बबनला सांगत होती, "आमी देवाला चाललोय. आबा म्हनत्यात, तुमच्यापरीस म्हैस बरी."

मला मान खाली घालताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घातली.

बबन माझ्याकडं न बघता पोरीला म्हणाला, "खरं हाय. पर म्हशीला खोरं धरता येत न्हाई. आबांना सांग, बिनघोर जावा."

परत आलो, तर टोमॅटोची सरी न् सरी भिजलेली होती.

दिवाळीत बबन लेकीकडं गेला. त्याच्या कांद्याला मी पाणी भरलं आणि घरी आलो.