सुनेनं सासूचा हात बांधला!

मंडळी, मला एक सांगा — दया म्हणजे काय? आजारी माणसाच्या तोंडात घास घालणं, की त्याच्या हातून वाटी काढून घेणं? अहो, माना काय डोलवताय! उत्तर हवंय? मग ऐका!

एका गावात सुंदराबाई कासारीण. गावातल्या एकूण एक नवरीचा हिरवा चुडा हिनंच भरायचा! आणि एके सकाळी — लकवा! उजवा हात लुळा. बोटं जेमतेम हलायची.

झालं! आळीतल्या बायका धावल्या. एक भरवते, एक वेणी घालते. पुण्य लुटायला कोण मागं राहतं? उरलंसुरलं डावा हात करायचा. उजवा आपला मांडीवर पाहुणा!

सून हौसा तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "मेंदूतल्या काही पेशी गेल्या. पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकतात!"

"कधी हो?"

"काम पडलं तर! एक पेशी दुसरीला निरोप देते. पुन्हा पुन्हा दिला की वाट पक्की होते. निरोपच गेला नाही, तर शिकणार काय?"

बरोबरच आहे! पेशी म्हणत असेल — या बाईला उजवा हात नाहीच वाटतं!

हौसा घरी आली. बायांना हात जोडून बाहेर काढलं, आणि सासूचा डावा हात — चांगला हात हो! — पदराच्या पट्टीनं बांधला! "आता जेवा, आत्याबाई. उजव्यानं!"

घास सांडला. सुंदराबाई रडली. "वैरीण आहेस गं!" गाव म्हणालं, कैकेयी बरी! हौसा चुलीकडे तोंड करून उपाशी बसली. पण गाठ सोडली? नाही!

रोज तेच! आधी घास. मग वाटी. मग बांगडी उचलायची — पडली! पुन्हा उचल! महिने गेले हो!

आणि एक दिवस सुंदराबाई म्हणाली, "हौसे, गाठ सोड, आणि तुझा हात दे." डाव्यानं सुनेचा पंजा दाबला, उजव्यानं बांगडी चढवली — कडकन्! "वाढवली गं!" म्हणून म्हातारी हसली. दुसरी घेतली. पुन्हा पंजा दाबला... सरकली! तिसरी सरकली! मंडळी, अख्खा चुडा भरला!

हौसाच्या डोळ्यांना धार. सासूनं विचारलं, "दुखलं का गं?"

"आत्याबाई, तुमचा हात बांधला ना, तेव्हा दुखलं होतं. आज नाही!"

आता तुम्ही! पोराच्या बुटाची नाडी कोण बांधतं? म्हाताऱ्या बापाच्या हातातली काठी, "बसा हो तुम्ही" म्हणून कोणी काढून घेतली? उद्या सकाळी ती परत द्या. तो धडपडेल, तुमचा जीव कासावीस होईल — होऊ द्या! आणि आता टाळी द्या बरं, दोन्ही हातांनी, म्हणा — विठ्ठल! विठ्ठल!